दवण्याचं गोत्र

दवण्याच्या कुंडीला माव्यापेक्षा पाहुण्यांचा त्रास जास्त. गॅलरीत आलेला माणूस जास्वंद लांबून बघतो, तुळशीला हात जोडतो आणि दवण्याचा मात्र सरळ शेंडा खुडतो. तो चुरगाळायचा, नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि "वा! जोतिबाची आठवण झाली" म्हणत उरलेला चोथा माझ्याच कठड्यावर ठेवून द्यायचा. देव आठवला म्हटल्यावर पुढे बोलायची सोयच राहत नाही.

झाडाची बाजू कुणी घेत नाही, म्हणून मी घेतो. दवण्यानं हा वास माणसांना बोलवायला धरलेलाच नाही. पानांवर बारीक ग्रंथी असतात, त्यांत तेल साठतं आणि त्या तेलाचा निरोप साधा असतो : मला खाऊ नका. किडे आणि गुरं तो बहुधा ऐकतात. माणूस तेवढा ऐकत नाही, उलट आणखी जवळ येऊन हुंगतो.

दवणा थंडीतलं पीक. थंडीच्या तोंडाशी पेरावा आणि चैत्रात देवाच्या पायाशी पोचावा, असा हिशेब. बी इतकं बारीक की पेरताना शिंक आली तर रोपं शेजाऱ्यांच्या गॅलरीत उगवायची. ते आदल्या हंगामातलंच हवं, जुनं रुसतं. जाणते शेतकरी ते भिजवून, मोड आणून, वाळूत मिसळून पेरतात. एकदा रुजलं की ऊन भरपूर आणि पाणी बेताचं. लाडानं रोज पाणी घालणाऱ्यांचा निषेध तो मुळाशी कुजून नोंदवतो. फार तर गुडघाभर वाढतो, पिवळट बोंडं धरतो आणि उन्हाळ्यात वाळतो. "मेला वाटतं तुमचा दवणा?" असं शेजारच्या काकू दर मे महिन्यात हळहळून विचारतात. त्याचं आयुष्यच तेवढं असतं हे दर मे महिन्यात पटतं आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत विसरलं जातं.

चैत्र पौर्णिमेला कोल्हापूरजवळ वाडी रत्नागिरीला जोतिबाची यात्रा भरते. सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते आणि हातोहाती दवण्याच्या जुड्या असतात. गुलालानं माखलेला सख्खा भाऊही त्या गर्दीत ओळखू येत नाही, पण दवणा डोळे मिटूनसुद्धा ओळखता येतो. एरवी वर्षभर बाजारात त्याची आठवण कुणाला होत नाही, हा भाग वेगळा.

दवण्याचं गोत्र मात्र मोठं आणि एकजात कडू. त्याचा युरोपातला चुलतभाऊ म्हणजे वर्मवुड, चंदेरी पानांचं बारमाही झुडूप. नवव्या शतकात वालाफ्रिड स्ट्राबो या भिक्षूनं मठातल्या बागेवर लॅटिन काव्य रचलं, त्यात यालाही जागा दिली. प्लिनी तर सांगतो की रोममध्ये एका उत्सवात रथांची शर्यत जिंकणाऱ्याला याचंच कडू पेय पाजत. पाडव्याला कडुनिंब चावून वर्षाची सुरुवात करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. बागेत मात्र तो शेजारधर्म पाळत नाही. पावसाबरोबर त्याच्या पानांतली द्रव्यं मातीत उतरतात आणि बाजूची कोवळी रोपं खुरटतात. म्हणून तिकडचे माळी त्याला बडीशेपेपासून लांब ठेवतात.

पुढे हे घराणं दारूत उतरलं. वर्मवुड घालून केलेल्या हिरव्या अ‍ॅबसिंथनं एकोणिसाव्या शतकातलं पॅरिस झिंगवलं. 1905 साली स्वित्झर्लंडमध्ये एका मजुरानं नशेत स्वतःच्याच कुटुंबाचा जीव घेतला. त्या दिवशी त्यानं वाइन भरपूर रिचवली होती आणि अ‍ॅबसिंथ जेमतेम दोन पेले. तरी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिलं ते झुडूपच. 1910 मध्ये तिथं अ‍ॅबसिंथवर बंदी आली, 1915 मध्ये फ्रान्समध्ये. वाइन अर्थातच निर्दोष सुटली. स्वित्झर्लंडनं ती बंदी 2005 साली उठवली. कोर्टकचेऱ्या तिकडेही रेंगाळतात तर!

घराण्याचं नाव काढलं ते चीनमधल्या भावंडानं. हिवतापावर औषध शोधणाऱ्या तू यूयू यांना चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एक कृती सापडली. ही वनस्पती पाण्यात भिजवून पिळावी, असं त्यात होतं. उकळायचं नावच नव्हतं. उष्णतेनं गुण नासत असावा हे त्यांनी ताडलं, कमी तापमानावर अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं. 2015 चं नोबेल त्या शोधाला मिळालं. आमच्याकडे मात्र कुठलाही पाला दिसला की आधी पातेलं चढतं.

माझ्या दवण्याकडून अशी काही अपेक्षा नाही. वाळल्यावर काड्या फडक्यात बांधून साड्यांच्या कपाटात जातात. कसर त्यानं किती पळते कोण जाणे, पण कपाट उघडणारा माणूस तिथंच जरा रेंगाळतो. त्याच्या तेलाचं अत्तर प्रत्येकाच्या अंगावर वेगळं दरवळतं, असं गंधी सांगतात. म्हणून एक कुपी आणून आम्ही नवरा-बायकोनं परीक्षा घेतली. हिच्या मनगटावर पिकल्या फळाचा गोडवा आला. माझ्या मनगटावर, हिच्या मते, काष्ठौषधींच्या दुकानाचा वास आला. "शी!" म्हणाली, आणि खात्री करून घ्यायला मनगट पुन्हा नाकाशी ओढलं.