मावशीचा चिंतामणी
कॉम्प्युटरच्या पडद्याला १,६७,७७,२१६ रंग दाखवता येतात. लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या २५६ पायऱ्या, करा गुणाकार. एवढा मोठा गोतावळा, पण बारसं जवळपास कुणाचंच झालेलं नाही. सगळे सहा अक्षरी कोडवर दिवस काढतात. हे बरं नव्हे, असं वाटून मी एक वेबसेवा लिहायला घेतली: कोड द्या, मराठी नाव घ्या. मे महिन्याच्या दुपारी सोलापुरात घराबाहेर पडायची सोय नसते, त्यामुळे काम झपाट्याने सुरू झालं.

इंग्रजीत हा उद्योग आधीच झालेला आहे. २०१० साली 'एक्सकेसीडी' या व्यंगचित्रमालिकेच्या रँडल मनरोने लोकांना पडद्यावर रंग दाखवून नावं विचारली, तर पन्नास लाखांवर उत्तरं आली. ब्राउझरलाही १४८ नावं पाठ असतात. पण त्या यादीवर विसंबू नका. तिच्यात 'डार्क ग्रे' हा साध्या 'ग्रे'पेक्षा फिका आहे. 'पेरू' नावाचा रंग आहे, तो चक्क तपकिरी! असा पेरू आपल्या मंडईत कुणी टोपलीत ठेवला, तर गिऱ्हाईक टोपलीसकट परत करेल.

मग नावं गोळा करायला मी घरातच वही काढली. आई, मावशी आणि शेजारच्या काकू, तिघींनी मिळून तासाभरात वही भरली. वाचून पाहिल्यावर लक्षात आलं, की मराठी रंग एक तर खायचा असतो, नाही तर उडायचा. आमसुली, अंजिरी, डाळिंबी, गाजरी, बदामी, वांगी हे खायचे. पोपटी, मोरपंखी, पारवा हे उडायचे. उरले राणी, रामा आणि चिंतामणी. हे तिघे खातही नाहीत, उडतही नाहीत, नुसते भांडणं लावतात.

प्रत्येक कोडला नाव देणं अशक्य, म्हणून आलेल्या कोडच्या सर्वांत जवळचं नाव शोधायचं. आकड्यांचं नुसतं अंतर मोजलं तर डोळा ते मान्य करत नाही. त्याला दोन हिरव्यांतला फरक वेगळा जाणवतो आणि दोन निळ्यांतला वेगळा. त्यासाठी 'लॅब' नावाची मोजणी आहे, १९७६ साली आंतरराष्ट्रीय समितीने ठरवलेली. त्या समितीवर मावशीला घेतलं नव्हतं, हा तिच्यातला मुख्य दोष.

कारण चिंतामणी नेमका कुठे ठेवायचा, यावर एकमत होईना. एकच साडी समोर पसरली होती. मावशी म्हणाली रामा, आई म्हणाली मोरपंखी, काकू म्हणाल्या, "अहो, हाच की चिंतामणी!" मी तिघींनी मोबाईलवर दाखवलेल्या छटांची सरासरी काढली. आला तो रंग सरकारी विश्रामगृहाच्या भिंतीवर असतो. तिघींचं पहिल्यांदाच एकमत झालं, की हा नव्हे.

शेवटी जाणकाराला विचारावं म्हणून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाईंगच्या कारखान्यात गेलो. आत वाफ कोंडलेली. मास्तर सुताची ओली लडी पिळत उभे. ओलं सूत गडद दिसतं, म्हणून त्यांनी लडीचं टोक वाळवून, दाराशी नेऊन उन्हात पाहिलं आणि पोऱ्याला म्हणाले, "सात नंबरच, पण थोडा मार." एवढंच त्यांचं नामकरण. मास्तर पद्मशाली, घरात तेलुगू. तिकडे पिवळा तो पसुपुपच्च, हळदीचा. हिरवा तो आकुपच्च, पानाचा. मी त्यांना पावणेदोन कोटींच्या आसपासचा आकडा सांगितला. त्यांनी लडी दांडीवर टाकली, हात पुसले आणि विचारलं, "एकेक शेड किती किलो काढायची बे?"

सेवा सुरू झाल्यावर मावशीने ती लगेच कामाला लावली. साडीचा फोटो टाकला, उत्तर आलं 'चिंतामणी', आणि मॅचिंग ब्लाउजपीससाठी मला घेऊन ती चाटी गल्लीत गेली. दुकानदाराने मोबाईलकडे बघितलंसुद्धा नाही. "मावशी, पदर आणा की इकडं," म्हणत तो पदर घेऊन रस्त्यावर उन्हात गेला. ट्यूबलाइटखाली जुळलेली दोन कापडं उन्हात एकमेकांना ओळख देत नाहीत, हे त्याला कुठल्याही समितीने सांगितलेलं नव्हतं. आत येऊन त्याने न विचारता तीन पीस टाकले. मावशीने चौथा मागितला.

"बघ, रामाच आहे," ती वाटेत म्हणाली. रात्री सेवेच्या सूचनापेटीत दोन निरोप पडले होते. 'चूक. रामा.' आणि त्याखाली, 'मुळीच नाही, मोरपंखी.'

नवरात्र तोंडावर आहे, नऊ दिवसांचे नऊ रंग ठरलेले आहेत, आणि मला या घरात जेवायचं आहे. त्यामुळे मी प्रोग्रॅममध्ये एक बारीक बदल केला. आता तोच कोड मावशीच्या फोनवरून आला तर उत्तर येतं रामा, आईच्या फोनवरून आला तर मोरपंखी. काकूंनी परवा मुद्दाम फोन करून सांगितलं, की तुझ्या मशीनला रंगातलं कळतं हो.