आवाज येलालाय

दाजींचा डावा हात वर गेला की जीपमधल्या सगळ्यांनी श्वास धरायचा, असा आमच्या घरचा नियम होऊन बसला होता. अक्कानं बोलणं अर्ध्यात तोडायचं, भाच्यानं कुरकुऱ्यांचा पुडा मांडीखाली सारायचा, मी फोन बंद करायचा. मग दाजी मान तिरकी करत, एक डोळा मिटत आणि विचारत, "आयका. येलालाय का?"

"काय?"

"आवाज."

जुन्या डिझेल जीपमध्ये बसून आवाज येतोय का विचारणं म्हणजे नवरात्रात तुळजापुरात गर्दी हाय का विचारणं. आवाजच येत होता. त्यापुढं दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पण दाजींना हवा असायचा तो आवाजातला आवाज. "तो न्हाई वो पाव्हणं, त्याच्या मागचा. नीट कान द्या. कट-कट, कट-कट... आला, आला बगा... गेला."

गेला म्हणताना त्यांचा चेहरा स्टेशनवर लेकीला निरोप देणाऱ्या बापासारखा व्हायचा.

दाजी तेरचे. तेरणेकाठी थोडी जमीन, त्यात सोयाबीन, आणि दारात ही जीप. गाडी घेतली तेव्हा जिल्हा उस्मानाबाद होता. २०२३ साली सरकारदरबारी तो धाराशिव झाला आणि त्याच वर्षी दाजींनी इंजिन बांधून घेतलं. त्यामुळं गाडीच्या कागदावर एक जिल्हा आणि इंजिनाच्या बिलावर दुसरा. पाटीवरचं एमएच २५ तेवढं दोन्ही राजवटींत कायम राहिलं. इंजिन बांधलं ते बाहेरच्या एका गॅरेजात. बोअर, स्लीव्ह, पिस्टन-रिंगा, क्रँकचं ग्राइंडिंग, बेअरिंगा, हेड फेसिंग, सगळं. सोयाबीनच्या दोन हंगामांचे पैसे त्या चार सिलिंडरांत गेले. ते बिल दाजींनी लॅमिनेट करून घेतलंय. अक्काचं आणि त्यांचं लग्नाचं सर्टिफिकेट अजून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

पहिले हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही, असं गॅरेजवाल्यानं बजावलं होतं. दाजींनी चाळीसच धरले, दहा पदरचे वाचवले. त्या काळात आम्ही एकदा तुळजापूरला गेलो, तर कोजागरीला पायी निघालेली माणसं घाटात आमच्याकडं वळून वळून बघत होती. एका म्हातारीनं तर खिडकीशी येऊन विचारलं, "ढकलू का रं बाबा?"

आवाज आला तो अकराव्या दिवशी.

आता डिझेल इंजिनात नवा आवाज ओळखणं ही काही सोपी गोष्ट नाही. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली हे इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून ते वाजतंच आहे. त्यात ठिणगी पाडायला प्लग नसतो. हवा वीसएक पट दाबून इतकी तापवायची, की आत फवारलेलं डिझेल आपलं आपण पेटावं. फवारा आणि पेट यांच्यात निमिषाचा उशीर होतो. तेवढ्यात आत आलेलं डिझेल मग एकदम भडकतं आणि त्याचा खटका बसतो. म्हणजे खटखट हा त्या इंजिनाचा रोग नव्हे, स्वभाव. जन्माच्या दमेकऱ्याला आज नवा खोकला लागलाय का, हे ओळखायचं काम आणि त्याला वैद्य कोण, तर रस्त्यानं जाणारा कुणीही.

कारण बॉनेट उघडलेली गाडी दिसली आणि आपल्याकडचा माणूस न थांबता पुढं गेला, असं होत नाही. एसटीतून रिटायर झालेले एक ड्रायव्हर म्हणाले, "बेअरिंग. चढाला लोड आला की खालनं धप्-धप् करतंय का? मग बेअरिंगच." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नोझल टपकलालंय." लेथवर काम केलेला चुलत भाऊ म्हणाला, "पिस्टन ढिला बसवलाय. गार असताना वाजतो, तापला की फुगून गप्प बसतो." चौथ्यानं टॅपेट सांगितले. तेरखेड्याचा एक पाहुणा सगळं शांतपणे ऐकत होता. त्या गावात फटाक्यांचे कारखाने. तो म्हणाला, "ह्याला आवाज म्हंत्यात व्हय?" आणि चहा पिऊन निघून गेला.

खरं सांगायचं तर प्रत्येकजण आपापल्या आवाजाबद्दल बरोबर होता. पिस्टन ढिला असला की तो गारच वाजतो, बेअरिंग लोडवरच ठोकतं. घोटाळा केला तो दाजींनी. जो जे लक्षण सांगेल ते त्यांना लगेच ऐकू यायचं. "व्हय व्हय, चढालाच येलालाय." तासाभरानं दुसऱ्याला, "व्हय, गारच असताना येलालाय." औषधाच्या बाटलीवरची लक्षणं वाचून सगळे रोग स्वतःला झालेत अशी खात्री पटणारी माणसं असतात ना, दाजी त्यातले. फरक इतकाच, की यांचे रोग गाडीला व्हायचे.

त्यांनी वहीही घातली होती. पुढनं सोयाबीनचा हिशेब, मागनं आवाजाचा. एकदा ते झोपले असताना मी ती चाळली.

"येडशी, चढ, तिसरा गिअर. कटकट."

"येरमाळा, गाडी उभी. टकटक. (कटकट नव्हे.)"

"तुळजापूर. आई राजा उदो उदो चालू असल्यानं ऐकू आलं न्हाई."

"ढोकी ते तेर. आवाज न्हाई. काळजी."

कटकट आणि टकटक यांत फरक काय, हे त्यांनी मला चमचा आणि पितळी तांब्या घेऊन अर्धा तास समजावलं होतं. शेवटी आतनं अक्का ओरडली, "कटकट गाडीची न्हाई, तुमची हाय!" दाजींनी तीही नोंद गंभीरपणे ऐकून घेतली.

त्यांच्या मते हा कान त्यांना गावाकडून मिळालेला. गोरोबाकाका तेरचेच. संतमेळ्यात मुक्ताबाईच्या सांगण्यावरून त्यांनी थापटणं घेतलं आणि मडकी पारखावीत तशी एकेका संताची डोकी ठोकून पाहिली. बाकीचे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले आणि कच्चं मडकं ठरले. ही कथा दाजी प्रत्येक गॅरेजात सांगत. "ठोकून आवाज ऐकायचा आन् आतलं वळकायचं, ही इद्या आमच्या गावची हाय." कथेतला गप्प बसण्याचा भाग ते नेहमी भरभर उरकायचे.

दरम्यान सोलापूरला जाताना तुळजापूरचा घाट उतरत होतो. पुढं उसाची ट्रॉली. दाजींनी ब्रेक दाबला, मग आणखी दाबला, मग सीटवरून उठून त्यावर जवळजवळ उभे राहिले. ट्रॉलीच्या मागच्या उसाचं वाढं काचेला टेकलं तेव्हा गाडी थांबली. अक्कानं देवीचा धावा केला. मी म्हणालो, "दाजी, ब्रेक दगडासारखा लागतोय."

"लागणारच की. इंजिन नवं केलंय, जोर वाढलाय. ब्रेक जुनाच हाय न्हवं?" असं म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली, हात वर केला आणि त्या घाटात, घाम पुसत, आवाज येलालाय का ते ऐकलं. वहीत ब्रेकबद्दल अक्षर नव्हतं. वही आवाजाची होती.

अखेर इंजिन पुन्हा उतरवायचं ठरलं. म्हणजे आणखी एका सोयाबीनवर पाणी. त्याआधी एकदा उस्तादांना दाखवू, असं मीच सुचवलं. धाराशिवला रस्त्याच्या कडेला त्यांचं पत्र्याचं शेड आहे. पाटी नाही. उस्ताद सत्तरीकडं झुकलेले. इंजिन उघडायचा त्यांना भारी कंटाळा, आणि तेवढ्यावरच त्यांचं नाव झालेलं.

दाजींनी वही उघडून वाचायला सुरुवात केली. येडशी झाली, येरमाळा झाला. ढोकीला पोचले तेव्हा उस्तादांचा चहा संपला. त्यांनी कप पालथा ठेवला आणि म्हणाले, "मालक, चालू करा. आन् खाली उतरून लांब थांबा."

हातभर लांबीचा पेचकस घेऊन त्यांनी त्याची मूठ कानाला लावली आणि टोक इंजिनाला. १८१६ साली लाएनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून पाहिली आणि त्यातून पुढं स्टेथोस्कोप निघाला. उस्तादांचा पेचकस त्याच घराण्यातला, फक्त ग्रीसमध्ये न्हालेला. ब्लॉक, हेड, टॅपेट कव्हर, एकेक जागी ते थांबले. मग पाना घेऊन पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट ढिला केला. डिझेल बाहेर ठिबकायला लागलं, तो सिलिंडर मेला, इंजिन तीन पायांच्या खुर्चीसारखं डुगडुगलं. कट-कट तशीच. नट आवळला, दुसरा ढिला केला. मग तिसरा, मग चौथा. चारी भावांना आळीपाळीनं उपाशी ठेवून झालं. एकाच्याही उपाशी राहण्यानं आवाज कमी होईना. म्हणजे बेअरिंग, पिस्टन, नोझल, ज्यांच्यावर गावानं आळ घेतला होता ते निर्दोष असावेत.

मग उस्तादांनी एक मजेशीर गोष्ट केली. बॉनेटच्या कडेवर डाव्या हाताच्या बोटानं इंजिनाचा ठेका धरला आणि उजव्या हातानं त्या कटकटीचा. दोन्ही बोटं बराच वेळ जुळवून पाहिली. शेवटी मान हलवली.

"क्रँकचं काही असलं तर दर फेऱ्याला वाजंल. टॅपेट दोन फेऱ्यांत एकदा वाजंल. हा कुठंच बसत न्हाई. हा टाळकरी दुसऱ्या भजनातला हाय." आणि पहिल्यांदाच दाजींकडं वळून विचारलं, "मालक, ब्रेक कसा लागतोय?"

दाजींना ते लागलं. इतके महिने आवाजावर तपश्चर्या केली आणि हा माणूस ब्रेक विचारतोय. "उस्ताद, मी आवाजासाठी आलोय."

"दगडासारखा लागतो," मी मागनं म्हणालो. "घाटात उभं राहून दाबावा लागला."

उस्तादांनी पेचकसाचं टोक डायनामोच्या पाठीमागं टेकवलं, क्षणभर ऐकलं आणि इंजिन बंद करायला सांगितलं. फॅनबेल्ट उतरवला. "मारा सेल्फ. मिनिटभरच."

इंजिन चालू झालं. नेहमीची घरघर, नेहमीचा दमा. कटकट गायब. दाजी एक डोळा मिटून उभेच.

पेट्रोलचं इंजिन हवा ओढताना स्वतःच निर्वात करतं, ब्रेकला पायाच्या जोडीला जोर तिथून मिळतो. डिझेलच्या इंजिनात तशी सोय नसते. म्हणून आमच्यासारख्या जीपांत डायनामोच्या मागंच एक छोटा व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो, बेल्टवरच फिरणारा. त्याच्या आत पाती फिरतात आणि त्यांना तेल मिळतं ते इंजिनातून येणाऱ्या एका बारीक पाइपातून. उस्तादांनी तो पाइप सोडला. जोडाला काळपट पेस्ट थापलेली. बांधणाऱ्यानं गळती होऊ नये म्हणून पेस्ट लावली होती, पण पुरणपोळीवर तूप सोडावं तशी. खिळ्याच्या टोकानं उस्तादांनी भोकातून एक गोळी काढली आणि दाजींच्या तळहातावर ठेवली. ज्वारीच्या दाण्याएवढी. तेवढ्या गोळीनं तेल अडवलं होतं. कोरडी पाती खडखडत होती, पंप ओढत नव्हता, ब्रेक दगड झाला होता. आवाज आणि ब्रेक, दोन्ही तक्रारी एकाच दाण्याच्या.

पाती बदलली, पाइप फुंकून साफ झाला, वायसर नवे पडले. इंजिनाला हात लागला नाही. उस्तादांनी सांगितलेला आकडा ऐकून दाजींनी दोनदा विचारलं, "बास?" येताना त्यांनी ब्रेकला नुसता अंगठा लावला आणि मी डॅशबोर्डवर आपटलो.

मला वाटलं, आता शांतता. पण दाजींनी उस्तादांकडून घ्यायचं ते घेतलंच. पेचकस घेतला, हातभर लांबीचा, नवाकोरा. आणि तो प्रश्न घेतला. पिठाच्या गिरणीचा पट्टा करकरतो म्हटल्यावर त्यांनी गिरणीवाल्याला विचारलं, "ब्रेक कसा लागतोय?" शेजारच्यांचा कूलर वाजतो, तिथंही तेच. माझ्या आईचा गुडघा उठताना कटकन वाजतो हे कळलं, तेव्हा त्यांनी पेचकस हातात घेतला होता, अक्कानं तो काढून घेतला. अर्धा पेला चहा होईपर्यंत एक शब्द न बोलता ऐकत राहण्याची उस्तादांची जी रीत होती, ती मात्र त्या शेडमध्येच राहिली. कच्च्या मडक्याची कथा दाजी अजून सांगतात. ती आपल्याबद्दल असेल अशी शंका त्यांना कधी येत नाही.

परवा तेरला मंदिराच्या वाटेवर एक टेम्पो उभा होता. बॉनेट उघडं, भोवती चारजण. दाजींनी जीप भर रस्त्यात थांबवली, सीटखालचा पेचकस काढला आणि गर्दीत शिरून डावा हात वर केला. चौघंही गप्प झाले.

"ब्रेक कसा लागतोय?"

टेम्पोवाला इंजिनावर वाकून हातपंप दाबत होता. त्यानं मान वर केली. "ब्रेक झ्याक हाय की, काका. डिझेल संपलं हुतं. भरलं, आता लाइनीतली हवा काढलालोय."

दाजींनी क्षणभर विचार केला. मग पेचकसाची मूठ कानाला लावली.

"काढा," ते म्हणाले. "पण चालू झाली की बंद करू नगा. मी आयकतो."