जावईबापूंचा दर्या

प्लेनो, टेक्सास

तीर्थरूप आई आणि तात्यांस,


फोनवर तात्यांनी विचारलं, "जावई सध्या काय करायलेत?" आणि मी "पाणी भरायलेत" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून तुम्ही दोघं काळजीत आहात, असं दादा म्हणाला. जावयांची नोकरी शाबूत आहे, नळालाही चोवीस तास पाणी आहे. फक्त त्यांनी दिवाणखान्यात समुद्र बांधलाय. पावणेतीनशे लिटरचा.

आता लातूरजवळच्या औशात वाढलेल्या पोरीनं हे कसं बघावं, तुम्हीच सांगा. आधी नळाचं पाणी मशीनमधून काढायचं, त्यातलं क्लोरीन, तांबं, नायट्रेट, सगळं घालवायचं. एक लिटर शुद्ध पाणी हाती येईस्तोवर तीनेक लिटर गटारात. मग त्या शुद्ध पाण्यात विकतचं मीठ कालवायचं, लिटरला ३५ ग्रॅम. म्हणजे सगळ्या समुद्राला दहाएक किलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, तेव्हा तात्या मुद्दाम बघायला गेले होते. त्या तात्यांच्या लेकीनं पाणी गटारात जाताना बघत बसायचं? मी वाया जाणारं सगळं बादल्यांत धरते. फरशी त्यावर, कढीपत्ता त्यावर, मोटारही त्यावरच धुतो. जावई म्हणतात, "किती चिकटपणा!" मी म्हणते, "चिकटपणा नाही, औसा."

हा खटाटोप कशासाठी, तर एका समुद्रफुलासाठी. दिसायला फूल, पण आहे प्राणी. मेंदू नाही, हाड नाही, तोंड एकच. जेवण त्यातूनच आत आणि उरलंसुरलंही त्यातूनच बाहेर. (आई, जेवताना वाचत असशील तर हे वाक्य सोड.) टाकी भरली की लगेच ते आणता येत नाही. पाणी मुरायला निदान सहा महिने लागतात, जाणकार तर वर्षभर थांबा म्हणतात. तोवर आमच्याकडे पाहुण्यांना दाखवायला निळ्या दिव्याखाली ठेवलेले दगड होते. कुलकर्णीकाकू दोनदा येऊन "छान आहेत हो दगड" म्हणून गेल्या.

फूल आलं ते बबल-टिप जातीचं. याच्या बोटांची टोकं फुग्यासारखी फुगतात. जावयांनी अगदी समोर, सोफ्यावरून दिसेल असं बसवलं, तर रात्रीतून चालत मागच्या कपारीत जाऊन बसलं. याला एक पाय असतो, त्यावर ते सरकतं. पाय खाचेत, तोंड उजेडात आणि प्रवाह बेताचा, अशी जागा मिळेपर्यंत हिंडतं. हिंडता हिंडता पंपात ओढलं गेलं तर चिंधड्या होतात आणि त्या घाणीनं बाकीची टाकीही मरते. म्हणून पंपाच्या तोंडाला स्पंज बांधलाय. उजेड लागतो तो त्याच्या अंगातल्या सूक्ष्म शेवाळासाठी. शेवाळ अन्न तयार करतं, त्यावर याचा बराचसा संसार चालतो. पांढरंफटक पडलं की समजायचं, शेवाळ गेलं. वर आठवड्यातून एकदा कोळंबीचा नखाएवढा तुकडा. हो आई, माळकऱ्याच्या लेकीच्या फ्रीजमध्ये कोळंबी आहे. वेगळ्या डब्यात आहे आणि डब्यावर चिठ्ठी आहे.

बाष्प होऊन पाणी रोज घटतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्यानं. खारं ओतलं तर खारटपणा चढतच जातो. खारटपणाचा काटा १.०२५ च्या आसपास आणि पाणी २५-२६ अंशांवर हवं. २०२१ च्या फेब्रुवारीत इथे बर्फात दिवसच्या दिवस वीज नव्हती, तेव्हा लोकांच्या अशा टाक्या गारठून गेल्या होत्या. त्यामुळे टाकीच्या आधी इन्व्हर्टर घ्यायचा, ही माझी अट होती. भारनियमनात दहावी काढलेल्या पोरीला हे कोणी शिकवावं लागत नाही.

सोबतीला दोन विदूषक मासे आणलेत, नारंगी-पांढरे, आपल्या चिरंजीवांनी सिनेमात पाहिलेले. खुल्या समुद्रात ही जात या फुलाशी घरोबा करत नाही, तिची फुलं वेगळी. पण टाकीत दुसरं कोणी नाही म्हटल्यावर जमवून घेतात. परदेशात आल्यावर आपली माणसंही कुठल्या कुठल्या पंगतीला बसतात, तसंच. या माशांत जन्मतः सगळे नर. जोडीतला मोठा असेल तो मादी होतो आणि घर तिचं. ती गेली तर नवरा मादी होऊन कारभार हाती घेतो. हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा जावई काही बोलले नाहीत. मला मात्र तेव्हापासून टाकी आवडायला लागली आहे.

तात्यांनी विचारलं होतं, हे जगतं किती. स्कॉटलंडात सर जॉन डॅलियल यांनी १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक समुद्रफूल आणून बरणीत ठेवलं. ते स्वतः १८५१ मध्ये वारले. फूल मग एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं आणि १८८७ मध्ये गेलं. लोक त्याला 'ग्रॅनी' म्हणायचे. म्हणजे आमच्या मृत्युपत्रात आता याचीही सोय करावी लागणार. दादा, तुझं नाव घालू का?

मे महिन्यात तुम्ही येताय, म्हणून आधीच सांगते. आई, तुला पाणी दिसलं की नाणं टाकायची सवय आहे. इथे टाकू नकोस. तुझा अर्घ्याचा तांब्याही टाकीपासून लांबच राहू दे. तांब्याचा अंशसुद्धा या जिवांना विष आहे. आणि तात्या, हात घालून "जिवंत आहे का" बघायचं नाही. मी सांगते, आहे.

कळावे,
तुमची
ताई

ता. क. दादानं हळूच विचारलं होतं, "हे खातात का गं?" स्पेनमध्ये कादीझकडे यांच्यातलीच एक जात पिठात घोळून तळतात. हे जावयांच्या कानावर जाऊ देऊ नका.