शून्य रुपयांचं कोटेशन

एमएस्सीची पोरं डीएनए वर्डमध्ये वाचतात. पीयूसी१९ हे आमच्या क्षेत्रातलं सगळ्यांच्या ओळखीचं प्लाझ्मिड, २६८६ बेसपेअरचं. त्यात जी-ए-ए-टी-टी-सी कुठे येतं ते ‘फाइंड’ करायचं, म्हणजे इको-आर-वन हे एन्झाइम कुठे कापणार ते कळतं. चालतं की! फक्त प्लाझ्मिड गोल असतं आणि फाइल सरळ. कापायची जागा नेमकी सांध्यावर आली, अर्धी फाइलच्या शेवटी आणि अर्धी सुरुवातीला, की वर्ड म्हणतो, काही नाही बुवा. आणि दोन्ही टोकांना एकच एन्झाइम वापरलं, तर आपला जीन उलटाही बसू शकतो, हे तर तो बापजन्मी सांगणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअर. स्नॅपजीन उघडलं की डोळे निवतात. रंगीत बाण, सुबक वर्तुळ, शिवाय जेल चालवल्यावर पट्टे कसे दिसतील याचं चित्रसुद्धा. इतके सरळ, स्वच्छ पट्टे आमच्या प्रयोगशाळेने अजून पाहिलेले नाहीत. त्याच्या फुकटच्या व्ह्यूअरमध्ये नकाशा बघता येतो. क्लोनिंग करून पाहायचं तर पैसे मोजा. बेंचलिंग शैक्षणिक संस्थांना मोफत आहे, पण चालतं ब्राउझरमध्ये, आणि आमचं इंटरनेट पावसाळ्यात रजेवर जातं. नोव्होसिबिर्स्कचं युजीन मुक्तस्रोत आहे, मात्र त्यात इतकी बटणं की विद्यार्थी बिचकतात. माझा जीव जडला तो ‘एप’वर. युटा विद्यापीठातल्या वेन डेव्हिस यांनी लिहिलेलं, रूपाने यथातथा, कामाला वाघ, किंमत शून्य.

फुकट म्हटल्यावर आपल्याकडे दोनच प्रकारची माणसं निघतात: लगेच हात पुढे करणारी आणि लगेच शंका घेणारी. इथे शंकेखोरांचीही बाजू आहे. व्हेक्टर एनटीआय हे एके काळचं मातब्बर सॉफ्टवेअर विद्यापीठांना मोफत मिळे. लोकांनी वर्षानुवर्षांची प्लाझ्मिडं त्यात रचून ठेवली. २००८ संपता संपता मोफतपणा संपला, आणि पुढे ते सॉफ्टवेअरच बाजारातून गेलं. तेव्हापासून सॉफ्टवेअर दाखवायला येणाऱ्या प्रत्येकाला मी किमतीआधी विचारते, ‘‘आमचे सीक्वेन्स, सगळ्या खुणांसकट, साध्या जेनबँक फाइलमध्ये बाहेर काढता येतील का?’’ ब्रोशर उलगडायच्या बेतात असलेला माणूस इथे जरा थबकतो.

एप या परीक्षेत पास झालं आणि खरेदी समितीत अडकलं. अकाउंट्सच्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘कोटेशन कुठंय, मॅडम?’’

‘‘सर, ते कुणी विकतच नाही.’’

‘‘मग तीन कोटेशनं कशी येणार?’’

नियमाने ते बरोबरच होतं. पाच लाखांचं सॉफ्टवेअर मागितलं असतं तर एव्हाना तुलनात्मक तक्ता होऊन सह्याही पडल्या असत्या. बऱ्याच विचाराअंती साहेबांनीच तोड काढली. माझ्या मागणीपत्रावरची ‘सॉफ्टवेअर’ ही ओळ त्यांनी लाल शाईने खोडली आणि तिथे लिहिलं, ‘पेन ड्राइव्ह, नग १.’ त्याची कोटेशनं दुसऱ्याच दिवशी आली.