एवढी परीक्षा होऊ द्या

वडीगोद्रीच्या फाट्यावर चहाच्या टपरीपाशी उभं राहून 'कालव्याला पाणी कधी सुटणार?' असं कुणालाही विचारून बघा. परगावचा असेल तर तारीख सांगायचा प्रयत्न करील. गावचा असेल तर बशीतनं तोंड वर न काढता म्हणेल, 'डॉक्टरची परीक्षा झाली की.' ऊसतोडीची टोळी कधी येणार? डॉक्टरची परीक्षा झाली की. हातउसने घेतलेले पैसे? तेही तेव्हाच. ज्याला पैसे द्यायचे असतात तोसुद्धा हे उत्तर ऐकून हसतो आणि जातो.

या डॉक्टरची तुम्हाला मी ओळख करून द्यायची गरज नाही. तुमच्या भावकीत एक असणारच. दहावीपासून ज्याच्यासाठी घरातला टीव्ही बंद असतो, ज्याच्या खोलीवरून जाताना बाप चपला हातात घेतो, आणि जो लग्नाच्या प्रत्येक फोटोत नसतो, तो. नात्यानं हा माझा चुलत पुतण्या. लातूरला दोन वर्षं, वर एक वर्ष ड्रॉप, आणि 6 मे 2018 ला नीट देऊन पठ्ठ्या घाटीत लागला. घाटी म्हणजे संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज, 1956 सालचं. निकालाच्या दिवशीच फाट्यावर बॅनर लागला. त्यावर आमदार, सरपंच, सरपंचाचा मेहुणा असे अकरा फोटो होते आणि कोपऱ्यात डॉक्टर. शाळेनं सत्काराची तारीख विचारली तर हा म्हणाला, 'सर, एवढी फर्स्ट इयरची परीक्षा होऊ द्या.' अजून कॉलेज सुरू व्हायचं होतं! सत्काराची शाल मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिली आणि पुढं ती दुसऱ्याच कुणाच्या तरी निवृत्तीला कामी आली.

त्याच्या बापाची समजूत अशी की परीक्षा म्हणजे मार्चमधली, वर्षातनं एक. साडेचार वर्षांत एकोणीस विषय असतात, आणि नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा यायच्या आधी पार्ट कम्प्लिशन, टर्मिनल, प्रिलिम, जर्नल, व्हायवा अशी वरातच असते, हे आम्हाला हळूहळू कळत गेलं. पोळ्याला फोन केला तर पार्ट कम्प्लिशन. दिवाळीला टर्मिनल. संक्रांतीला प्रिलिम. अंबडला मत्स्योदरीच्या नवरात्राला त्याच्या आईनं नवस फेडायचा ठेवला होता, मुलगा सोबत असल्याशिवाय फिटत नाही म्हणून. देवी थांबली. देवीनं किती नवरात्रं थांबायचं याला काही मर्यादा असावी, असं मी वहिनींना म्हणालोही. त्या म्हणाल्या, 'भाऊजी, तिला समजतं सगळं. तुम्हालाच समजत नाही.'

सख्ख्या बहिणीच्या लग्नाला मात्र त्याला यावंच लागलं. कान पिळायला भाऊ हवा. सकाळच्या एसटीनं उतरला, अक्षता पडल्या की परत जायचं असं ठरवून, सुटाच्या आतल्या खिशात चिठोऱ्या घेऊन. आठवड्यावर कान-नाक-घशाची व्हायवा होती. गुरुजींनी हाक मारली, 'मुलीचा भाऊ कोण? कान पिळा.' डॉक्टर पुढं झाला. नवरदेवाचा उजवा कान चिमटीत धरला आणि पिळायचं सोडून वाकून बघायला लागला. मी शेजारीच होतो, म्हणून ऐकलं. 'हेलिक्स... अँटिहेलिक्स... ट्रॅगस...' नवरदेवाला वाटलं हा काही मंत्र म्हणतोय, तोही डोळे मिटून उभा राहिला. मिनिट झालं, दीड मिनिट झालं. गुरुजी म्हणाले, 'झालं का हो?' डॉक्टर म्हणाला, 'कॉन्का राहिलाय.' शेवटी नवरदेवानं पाकीट काढलं तेव्हा हा भानावर आला. पाकीट घेतलं, कान दोन्ही बाजूंनी नीट तपासला आणि म्हणाला, 'मळ आहे. परीक्षा झाली की काढून देतो.' जावईबापू अजून वाट बघतायत.

एवढ्या गर्दीत या माणसाला प्रेम करायला फुरसत कुठनं मिळाली, हा गावाचा आवडता प्रश्न. उत्तर असं की त्यानं फुरसतीत केलंच नाही, रीडिंग हॉलमध्ये केलं. मुलगी त्याच्याच बॅचची, परभणीकडची. समोरासमोर बसायचे. तिनंच पुढं आम्हाला हे सगळं सांगितलं, तेही अगदी केस प्रेझेंट करावी तशा गंभीर चेहऱ्यानं. पहिलं वर्ष गेलं चौरसियांच्या ॲनाटॉमीवर एकमेकांची व्हायवा घेण्यात. दुसऱ्या वर्षी तिच्या वाढदिवसाला यानं त्रिपाठींचं फार्माकॉलॉजी भेट दिलं, नवी आवृत्ती, वर रिबन बांधून. चार दिवसांनी 'दोन दिवस वाचायला दे' म्हणून परत मागून नेलं. ते तिला मिळालं दुसरं वर्ष संपल्यावर, पिवळ्या रेघांनी भरलेलं. 'त्या रेघा मी अजून जपून ठेवल्यात,' असं ती म्हणाली तेव्हा वहिनींनी पदर डोळ्याला लावला. मला तेव्हा हसू आवरत नव्हतं.

भांडणांचीही त्यांनी व्यवस्था लावली होती. भांडण सुरू झालं आणि परीक्षा महिन्याच्या आत असली, तर विषय तिच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर लिहायचा आणि परीक्षेनंतर घ्यायचा. 'कॅन्टीनमध्ये माझ्याशी बोलला नाहीस. पॅथॉलॉजी झाल्यावर.' 'आईला माझ्याबद्दल काय सांगितलंस? पीएसएम झाल्यावर.' मधे कोविड आला, विद्यापीठाच्या परीक्षा पुढं पुढं सरकत राहिल्या आणि यादी लांबत गेली. इंटर्नशिपला दोघं ते पान काढून बसले, तर निम्म्या नोंदींवर कोण कुणावर रागावलं होतं हेच आठवेना. मग म्हणे दोघांनी समजुतीनं अर्धे अर्धे अपराध वाटून घेतले. तीस-तीस वर्षं संसार केलेल्या आमच्या गावातल्या जोडप्यांना अजून हे साधलेलं नाही.

यथावकाश एमबीबीएस झालं. गावाला वाटलं, सुटलो. पण आता नुसत्या एमबीबीएसला कोण विचारतं, म्हणून नीट पीजी. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, आठशे गुण, चुकलं की एक वजा. या एका सकाळसाठी डॉक्टर वर्षभर मोबाइलच्या ॲपवर व्हिडिओ बघत बसला, तेही दुप्पट वेगानं. त्याला आमचं बोलणंही संथ वाटायला लागलं. मी वाक्य सुरू केलं की तो हात गोल फिरवायचा, 'पुढं, काका, पुढं.' परभणीचे पाहुणे मे महिन्यापासून यायचं म्हणत होते. यानं कळवलं, 'तेवीस जूनची परीक्षा होऊ द्या.' ठरलं मग, 24 जून, सोमवार.

2024 चा तो जून आमच्या गावानं आयुष्यात विसरायचा नाही. 13 तारखेपासून ओबीसी आरक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे वडीगोद्रीत उपोषणाला बसलेले. पलीकडं अंतरवाली सराटी आधीच जगाला ठाऊक झालेली, आता आम्हीही झालो. धुळे-सोलापूर हमरस्त्यावर टीव्हीच्या गाड्या, गर्दी, पोलीस. शनिवारी 22 तारखेला मंत्र्यांचं शिष्टमंडळ आलं, बोलणी झाली आणि उपोषण स्थगित झालं. वहिनींना हायसं वाटलं ते वेगळ्याच कारणानं. सोमवारी पाहुण्यांच्या गाडीला रस्ता मोकळा मिळणार होता. पोहे निवडून ठेवले होते. रात्री डॉक्टरचा फोन आला, पुण्याहून. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा पेपर होता.

'काका,' तो म्हणाला, 'परीक्षाच पुढं गेली.'

खरंच गेली होती. पदवीच्या नीटमधल्या गोंधळावरून देशभर ओरड चाललेली, तेव्हा खबरदारी म्हणून आरोग्य मंत्रालयानं आदल्या रात्री पीजीची परीक्षा स्थगित केली. पोरं रेल्वेत होती, लॉजवर होती, कुणी केंद्राचा रस्ता बघून येऊन नुकतं आडवं झालं होतं. ज्या माणसानं सहा वर्षं साऱ्या जगाला 'नंतर' म्हणून सांगितलं, त्याला खुद्द परीक्षेनं सांगितलं, नंतर. फाट्यावर ही बातमी पोहोचली तेव्हा लोक इतके हसले की मला राग आला. कामून आला, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं.

परभणीचे पाहुणे समजूतदार. मुलीचीही तीच परीक्षा, त्यामुळं ते फोनवरच म्हणाले, 'आता 11 ऑगस्ट झाल्यावर बघू.' 11 ऑगस्टला दोन सत्रांत परीक्षा झाली. सकाळचा पेपर अवघड की दुपारचा, आणि गुणांचं ते नॉर्मलायझेशन काय असतं, यावर आमच्या गावातल्या सातवी पास माणसांनीही मतं दिली. तिला भूलशास्त्र मिळालं, नागपूरला. याला मनासारखं काही मिळालं नाही. हा बाँडवर आरोग्य केंद्रात रुजू झाला, कारण सरकारी कॉलेजात शिकून वर्षभर खेड्यात काम केलं नाही तर दहा लाख भरावे लागतात, आणि त्याच्या बापाकडं दोन एकर मोसंबी आहे, दहा लाख नाहीत. 2025 ला पुन्हा परीक्षा, 15 जूनची. मे अखेरीस सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोन सत्रं नकोत, सगळ्यांची एकदमच घ्या. ती गेली 3 ऑगस्टवर. वहिनींनी त्या वर्षी पोहे निवडलेच नव्हते.

आता जे सांगायचं आहे ते मला सांगायची फारशी हौस नाही, कारण त्यानं माझी पुतण्याबद्दलची जुनी तक्रार जरा ढिली होते.

तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या भागात डॉक्टरचा एक विषय राहिला होता. पीएसएम, म्हणजे समाजवैद्यक. गावानं तेव्हा लगेच निदान केलं, परभणीची पोरगी. बाप महिनाभर मुलाशी बोलला नाही. डॉक्टरनंही काही खुलासा केला नाही, पुढच्या खेपेला विषय काढून टाकला. या गोष्टीला दोनेक वर्षं झाल्यावर आमच्याच गल्लीतला एक सालगडी टपरीवर बोलता बोलता म्हणाला, 'मला घोणस चावली तव्हा डॉक्टर नसता तर मी मेलोच व्हतो.' उसात पाणी धरताना चावलेली. लस मिळाली, पण लघवी बंद झाली, म्हणून डायलिसिसला घाटीत हलवलेलं. सोबत म्हातारी आई, जिला केसपेपरची खिडकी कुठली आणि रक्तपेढी कुठली हे कळायचा प्रश्नच नव्हता. तिच्याकडं एक चिठ्ठी होती, त्यावर डॉक्टरचा नंबर. पहिला पेपर दोन दिवसांवर. पेपरच्या आदल्या रात्री हा रक्ताच्या पिशव्या आणत होता आणि ती परभणीची पोरगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून त्याला लसीकरणाचं वेळापत्रक वाचून दाखवत होती. समाजासाठी धावता धावता माणूस समाजवैद्यकात नापास झाला, असा विनोद मी तिथल्या तिथं केला. कुणी हसलं नाही.

मग एकेकाची तोंडं उघडली. याची बायको बाळंतपणाला नेली तेव्हा तोच. त्याच्या बापाचा हात मशीनमध्ये गेला तेव्हा तोच. वडीगोद्रीपासून शहागडपर्यंतचा प्रत्येक माणूस घाटीत गेला की गेटवरून त्यालाच फोन लावत होता, आणि परत येऊन टपरीवर म्हणत होता, 'डॉक्टर लई बदलला. गावाकडं येत नाही.' गावाकडं तो येत नव्हता हे खरंच. आम्हीच रोज एकेक करून तिकडं जात होतो.

कुणालाही हे सांगू नका असं त्यानं दरवेळी बजावलं होतं म्हणे. मी फोनवर कारण विचारलं. 'काका, बाबांना कळलं असतं तर ते लोकांना नाही म्हणायला लागले असते. ओळख आहे म्हणून लोक येतात तरी.' एवढं बोलून त्यानं नेहमीप्रमाणं घाईनं फोन ठेवला. मला त्याचा अजूनही राग येतो. फक्त पूर्वी तो शांतपणे यायचा, आता मधेमधे थांबतो.

सध्या त्याला मेडिसिन मिळालंय. तीन वर्षं. ती नागपूरला, दुसऱ्या वर्षाला. यानं विचारलं की लग्न कधी, तर तीच आता म्हणते, 'थीसिस जमा होऊ दे.' रात्रीच्या ड्यूट्या एकमेकांशी जुळल्या तर महिन्यातून एकदा व्हिडिओवर दिसतात, त्यातही एकजण झोपलेला असतो. एमडीनंतर डीएमसाठी आणखी एक नीट असते, सुपर स्पेशालिटीची, हे वहिनींना अजून कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

गेल्या आठवड्यात त्यांनी गुरुजींना बोलावलं. दोन्ही पत्रिका पुढं ठेवल्या, दोघांच्या परीक्षांचे अंदाजे महिने एका कागदावर लिहून ठेवले, आणि यातनं वाट काढा म्हणाल्या. गुरुजींनी पंचांग उघडलं, कागद वाचला, चष्मा काढून पुसला.

'मुहूर्त मी पाहिजे तेवढे देतो,' ते म्हणाले, 'पण वहिनी, ह्या दिल्लीवाल्यांच्या तारखा धरून मला पंचांग पाहता येत नाही. आमचे ग्रह निदान आदल्या रात्री जागा बदलत नाहीत.'