पोळा किती तारखेला होता?

पिंपळगाव राजाहून खामगाव, तिथून पुणे आणि पुण्याहून टोरांटो गाठलेला हा गृहस्थ तुमच्याही ओळखीचा असणारच. एरवी महिना-महिना फोन न करणारा तो रोज पहाटे घरी फोन लावू लागला, की समजावं, कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतलाय. गेल्या ५ वर्षांतले किमान १,०९५ दिवस कॅनडात काढलेले असावेत, असा तिथला नियम. शिवाय देशाबाहेरची प्रत्येक फेरी तारीखवार लिहायची. पासपोर्टावरचे शिक्के पुसट, आणि भारतातून निघताना भरायचं कार्ड तर १ जुलै २०१७ पासून बंदच झालंय. मग उरते आई. "मी कधी आलो होतो गं?" "पोयाच्या दुसऱ्या दिशी." "पोळा किती तारखेला होता?" "आवसेला, बाप्पा!"

त्याचं ठाम मत, की गावाला तारखेचं भान नाही. पुरावा मात्र उलटंच सांगतो. २०२२ मध्ये पोळा २६ ऑगस्टला आला आणि २०२३ मध्ये, अधिक श्रावणामुळे, १४ सप्टेंबरला. दोन्ही वर्षी २६ ऑगस्ट धरून बसलेला हा संगणकतज्ज्ञ १९ दिवसांनी चुकतो. अवसेला धरून असलेली आई एका दिवसानंही चुकत नाही. कोणी म्हणेल, आठवण हा काही पुरावा नव्हे. मान्य. पण भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब असतो. रोजचं अर्धा लिटर एका चौकोनात अचानक दोन लिटर होतं, तो त्याच्या येण्याचा दिवस. पुन्हा अर्ध्यावर येतं, तो जाण्याचा. इतका स्वच्छ शिक्का कुठल्या विमानतळावर मिळणार?

आता गावाची बाजू घेणाऱ्यांना वाटेल, एवढं लक्षात ठेवलं म्हणजे माणूस अजून गावचाच. इथेच गफलत आहे. रोज पारावर बसणारा कधी आला, हे कुणी सांगू शकत नाही. ज्याच्या येण्याचा दिवस लक्षात राहतो, तो पाहुणा. तेव्हा परदेशी सरकारची मोजणी बरोबरच म्हणायची. अर्जात तो ज्या दिवसांपुढे 'गैरहजर' लिहितो, नेमक्या त्याच दिवसांत इथे हजर असतो. ती नोंदही तो इमानानं करतो, हे नाइलाजानं का होईना, कबूल करायला हवं. सकाळी बफेलोला जाऊन संध्याकाळी परतलेली फेरीसुद्धा लिहायची असते. हा ती लिहितो, आणि एक दिवस कुठे विसरला तर नाही ना, या धास्तीनं रात्रभर जागतो. खोटं लिहिण्याची छाती त्याला अजून झालेली नाही. तेवढा तो पिंपळगावचा उरलाय.

अर्ज मंजूर होऊन शपथ झाली, की १९५५ च्या कायद्यातल्या कलम ९ नुसार त्याचं भारतीय नागरिकत्व संपेल, आणि पुढच्या पोळ्याला घरी यायचं तर व्हिसा नाहीतर ओसीआय कार्ड लागेल. आईला कलम ठाऊक नाही, त्यामुळे तिची त्याबद्दल तक्रारही नाही. तिचं म्हणणं एवढंच, की पोळा किती तारखेला होता हे पोरगं दहादा विचारतं. यंदा किती तारखेला आहे, हे एकदाही नाही.