शिरोरेषा आणि सक्शन पाईप

लाकूड कोरायचा राउटर विकताना दुकानदाराने मला फेरे सांगितले, कटर सांगितले, हप्तेसुद्धा सांगितले. पाईपबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेरे घेणारं ते यंत्र माझ्यासारख्या पेन्शनरच्या हातातही गुमान चालतं. पण भुसा ओढायला मागून व्हॅक्यूमचा पाईप जोडला, की कारभार पाईपच्या हातात जातो. तो म्हणेल तिकडे राउटर जातो आणि राउटरमागून आपण.

हा पाईप म्हणजे रुसलेला जावई. दुकानातून ज्या वेटोळ्यात आला, त्याच वेटोळ्यात बसणार. ओढला की टेबलाच्या कोपऱ्याला अडणार. त्यातून व्हॅक्यूम चालू केला की आतली हवा खेचली जाते, चुण्या मिटतात आणि बेटा लांबीला आखडतो. म्हणजे आपण यंत्र पुढे सरकवायला आणि याने मागे ओढायला एकच मुहूर्त.

कोरायचं काय होतं? स्वतःचं नाव, सागवानाच्या पाटीवर. आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान घडतं आणि पालखी लोणंदला मुक्कामाला येते. मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. एवढा जनसागर दारावरून जाणार. विठ्ठलाच्या ओढीने चाललेल्या त्या माणसांतल्या चार-दोघांनी तरी मान वळवून ‘काय कोरलंय!’ म्हणावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती. वारकऱ्यांनी ‘मी’पणा घरी ठेवून निघायचं असतं, घरी बसलेल्यांना तसं कुणी काही बजावलेलं नाही.

इंग्रजीत नाव कोरणारे सुखी. त्यांचं एकेक अक्षर सुटं, पाईप अडला तर पुढच्या अक्षरापाशी थांबून दम घेता येतो. आपल्याला शिरोरेषा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात, पट्टीला चिकटून न्यायची. वाटेत पाईपने हिसका दिला की नावाला पोक येतं. माझ्या आडनावावर ते आलं.

लोणंदात पाईपचा विषय चारचौघांत काढू नये. वीर धरणातून निघालेला नीरेचा उजवा कालवा, विहिरी, बोअर, ठिबक यांच्यावर पोसलेला हा मुलूख. इथे पाईप न ओढलेला माणूस शोधावा लागेल. पहिल्या सल्लागाराने विचारलं, “फूट व्हॉल्व्ह बसवलाय का?” मी म्हटलं, पाणी नाही, भुसा ओढायचाय. “मग तर बसवाच.” दुसऱ्याने मोटर किती एचपीची ते विचारलं. मी ‘दीड’ म्हटल्यावर तो इतक्या दयेने हसला की माझी सगळी पेन्शन त्याला कळल्यासारखं वाटलं. तिसऱ्याने कांदा भिजवताना एका रात्रीत ओढलेल्या पाईपची लांबी सांगितली, मग त्या रात्रीची थंडी, मग त्या साली कांद्याला मिळालेला भाव, आणि भावावर गाडी गेल्यावर पाईप बाजूला पडून सगळे सरकारवर घसरले. तासाभराने चहाचे कप उचलताना एक बागायतदार सहज बोलून गेला, “सर, ठिबकची नळी आम्ही आधी उन्हात सोडतो. वेटोळं विसरते ती.”

हे मात्र सोळा आणे खरं निघालं. पीव्हीसी तापलं की मऊ पडतं आणि गार होताना ज्या आकारात असेल तो आकार धरतं. पाईप गच्चीवर सरळ ताणून दोन्ही टोकांना विटा बांधल्या. लोणंदच्या उन्हाने निम्मा रुसवा उतरवला. बारीक, हलका पाईपही लावून पाहिला. वळायला गुणी, पण ढलप्यांनी घसा धरला.

उरलेला भार छताला दिला. पाळण्याची जुनी कडी होती, तिला सायकलची ट्यूब बांधून पाईप वरून सोडला, विजेची वायर चिकटपट्टीने त्याच्याच अंगाला जखडली आणि राउटरपाशी ऐसपैस झोळ ठेवला. सौ. दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अहो, त्या कडीला आपल्या पोराचा पाळणा होता. आता हे?” म्हणाल्या, आणि पाईपला हलकेच एक झोका देऊन गेल्या.

पीळ मात्र जाईना. तो आमच्या मिस्त्रींनी काढला. पीव्हीसी नळाचा वीतभर तुकडा तोंडाशी घातला आणि मी घट्ट आवळलेली क्लिप काढून फेकली. “सर, सैल राहू द्या. ओढ असली की आपणहून चिकटतोय. गोल फिरू द्या त्याला.” खरंच, राउटर फिरला की तो तुकडा जागच्या जागी फिरायचा आणि पाईप शांत.

एवढं सांगताना मिस्त्री दोनदा खोकले. दमेकऱ्यासारखा कोरडा, आतून येणारा खोकला. जन्मभर सागवान, प्लाय, एमडीएफ कापलं, नाकाला फार तर उपरणं. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने १९९५ साली जाहीर केलं. एमडीएफच्या गोंदातलं फॉर्मल्डिहाइडही पुढे त्याच यादीत गेलं. आणि हवेत तरंगणारी जी बारीक पूड छातीत उतरते, ती डोळ्यांना दिसतही नाही. बंगल्याच्या फर्निचरवर लाखो रुपये ओतणारा मालक बिजागरीचा ब्रँड विचारतो. पट्टी धरून उभ्या पोराच्या नाकावर काय आहे, हे कुणी विचारत नाही. मास्क, चष्मा, व्हॅक्यूम असा सगळा सरंजाम होता तो माझ्याकडे, एक पाटी कोरायला.

पाटी वारीआधी लागली. पडवीत टेकलेल्या एका आजींनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आतल्या खोलीत लोंबणारा पाईप मात्र निरखून पाहिला आणि विचारलं, “धार काढायचं यंत्र का हो? किती म्हशी हाईत?”

व्हॅक्यूम सध्या मिस्त्रींकडे आहे, पाईपसकट. ‘दोन दिवसांत आणून देतो’ म्हणाले होते. परत मागायला फोन केला की मागून त्याचीच घरघर ऐकू येते, त्यामुळे मी फक्त पावसापाण्याचं विचारतो. राउटर मागितला तर मात्र देणार नाही.